दुसरे नाव

१६ एप्रिल २०२०, गुरुवार

भोलू आणि चिंगी ज्या दवाखान्यात जातात तिथून आलेला कागद या आठवड्याच्या सुरुवातीपासून टेबलावर पडून आहे. त्यात विचारलेले जवळपास सगळे सोपे आहे: प्राण्यांची नावे, वये, चिपचे पंधरा आकडी क्रमांक, चालू असलेली औषधे. शेवटचा प्रश्न मात्र असा आहे की, तुम्ही आजारी पडलात किंवा तुम्हाला रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर यांना कोण सांभाळेल? तुमच्या घरी चालत येऊ शकतील अशा दोन व्यक्तींची नावे द्यावीत आणि त्यांच्यापैकी एकीकडे तरी घराची किल्ली असावी, अशी सूचना त्याखाली आहे. पहिल्या ओळीत मी वरच्या मजल्यावरच्या आजोबांचे नाव लिहिले, कारण किल्ली त्यांच्याकडे आधीपासून आहे. त्यांचे वय पाहता सध्या त्यांनीच दाराबाहेर पडू नये अशी परिस्थिती आहे, हे लिहून झाल्यावर ध्यानात आले. दुसरी ओळ कोरी आहे.

एका कोऱ्या ओळीने इतके अस्वस्थ का व्हावे, याचा विचार मी तेव्हापासून करतो आहे. या देशात आल्यापासून जिथे जिथे आपत्कालीन संपर्क विचारला गेला, तिथे तिथे मी ताईचे नाव लिहीत आलो. कार्यालयात ताई, घरभाड्याच्या करारात ताई, विम्याच्या कागदांतही ताईच. ती समुद्रापलीकडे राहते, तिला इथे पोहोचायला विमाने चालू असतानाही दीड दिवस लागतो, याची अडचण कोणालाही वाटली नाही. माणसाच्या बाबतीत त्या रकान्याचे काम कळवण्यापुरतेच असते आणि कळवायला एक क्रमांक पुरतो. प्राण्यांच्या बाबतीत कळवून भागत नाही. तिथे कोणीतरी स्वतः यावे लागते, दार उघडावे लागते, भांड्यात पाणी ओतावे लागते आणि पट्टा हातात घेऊन खाली उतरावे लागते. भोलूसाठी हा प्रश्न विचारणारे कोणीतरी आहे, याचा मला खरोखर आनंद आहे. सलते ते एवढेच की, माझ्यासाठी हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला नाही.

११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोना ही महासाथ असल्याचे जाहीर केले, त्याच्या आधीपासूनच मी प्राण्यांविषयीच्या बातम्या शोधून वाचत होतो. फेब्रुवारीअखेरीस हाँगकाँगमध्ये बाधित मालकिणीच्या पोमेरेनियन कुत्र्याच्या चाचणीत विषाणूचा सौम्य अंश आढळला. या महिन्याच्या ५ तारखेला न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातली नादिया नावाची वाघीण बाधित असल्याचे जाहीर झाले आणि तिला तो संसर्ग तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याकडून झाला असावा, असे सांगण्यात आले. घरातल्या प्राण्यांकडून माणसाला हा आजार होतो याचा पुरावा नाही, असे जागतिक पशुआरोग्य संघटना सांगते आहे, आणि त्यावर माझा विश्वास आहे. तसेही मला माझी भीती त्या बाजूने वाटत नव्हतीच. माझ्याकडून त्यांना काही झाले तर, ही ती भीती होती. त्यासाठीचा सल्लाही सगळीकडे एकच आहे: आजारी माणसाने प्राण्यांना कुरवाळू नये, जवळ झोपू देऊ नये, आणि शक्य असेल तर त्यांची काळजी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीवर सोपवावी. सल्ला योग्यच आहे. पण तो वाचताना माझी नजर दर वेळी त्या दुसऱ्या व्यक्तीपाशी येऊन थांबते आणि या घरात ती कुठल्या खोलीत बसली असती, असा एक निरर्थक विचार मनात येऊन जातो.

मार्चमध्ये इथले बरेच जण मिळेल त्या विमानाने परत गेले. तूही का आला नाहीस, हे आईने अजून विचारणे सोडलेले नाही. दोन प्राण्यांना घेऊन देश बदलणे दोन दिवसांत होत नाही, हे तिला समजावणे मला जमत नाही. चिप हवी, रेबीजची लस हवी, अनेक देशांना लशीनंतर निदान ३० दिवसांनी रक्त तपासून त्यातल्या प्रतिपिंडांचे प्रमाण दर मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एककांपेक्षा कमी नसल्याचा दाखला हवा असतो, काही ठिकाणी त्यानंतरही तीन महिने थांबावे लागते, आणि हे सगळे झाल्यावर त्यांना नेणारे विमान सापडावे लागते. मी त्यांना कोणाकडे तरी ठेवून येऊ शकलो असतो, असे आईचे म्हणणे. कोणाकडे, हे तिने सांगितले नाही. ज्या व्यक्तीबरोबर मिळून मी या दोघांना घरी आणले ती जाताना त्यांना माझ्याकडेच ठेवून गेली, पण त्याविषयी आज लिहायचे नाही.

रात्री मात्र हा प्रश्न फार वाईट रीतीने परत येतो. दिवसभर काम असते, पडद्यावर माणसांचे चेहरे असतात, भोलूच्या फिरण्याच्या वेळा असतात. रात्री दिवे मालवल्यावर मी माझ्याच श्वासाकडे लक्ष देऊ लागतो. समजा, ताप आला. समजा, तो चढत गेला आणि मला उठवेना. भोलू काही वेळ दाराशी जाईल, मग माझ्याकडे येईल, मग पुन्हा दाराशी जाईल. चिंगीचे मला जास्त भय वाटते. तिला थायरॉईडची गोळी दिवसातून दोनदा द्यावी लागते, आणि मांजराने दोन-तीन दिवस काही खाल्ले नाही तरी त्याचे यकृत चरबीने भरून निकामी होऊ लागते, हे डॉक्टरांनी मला तिच्या मागच्या आजारात नीट समजावून सांगितले होते. कुत्रे उपाशी राहून वाट पाहू शकते, मांजराजवळ तेवढा वेळ नसतो. कार्यालयातल्या लोकांना मी बैठकीला का आलो नाही असे केव्हा वाटेल, ताईला माझा फोन का लागत नाही अशी शंका केव्हा येईल, तिने कळवायचे ठरवले तर ती या शहरात कोणाला कळवेल, हे सगळे मी अंधारात पडल्या पडल्या मोजत बसतो. तेव्हा असे वाटते की, मी इथे इतकी वर्षे काम केले, कर भरले, भाषा शिकलो, आणि तरीही ज्याला माझ्या दारापर्यंत चालत यावेसे वाटेल असा एक माणूस मला मिळवता आला नाही. मी आजारी पडलो तर माझी उणीव सर्वांत आधी ज्यांना जाणवेल, त्या दोघांना दार उघडता येत नाही.

ही रात्रीची भाषा आहे हे मला कळते. पण ती खोटी नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवतो.

आज सकाळी भोलूला घेऊन खाली गेलो तेव्हा तो कागद घडी करून खिशात घातला होता. कशासाठी, हे मलाही नीट माहीत नव्हते. कुत्र्याला फिरवण्यासाठी बाहेर पडायला परवानगी आहे, आणि या दिवसांत ती किती मोठी सवलत आहे, हे स्पेनच्या बातम्या वाचताना समजते. तिथे १४ मार्चपासून घराबाहेर पडण्यावर कडक बंधने आहेत, कुत्र्याला थोडे फिरवून आणता येते, लहान मुलांना मात्र खेळायला बाहेर नेण्याची मुभा अजून नाही. टाळेबंदीच्या या काळात ज्यांच्याशी मी प्रत्यक्ष बोललो ती सगळी माणसे मला भोलूमुळे भेटली आहेत. आपण दोन मीटरवर उभे राहतो, पण कुत्र्यांना ते अंतर कसे सांगायचे? दोघांचे पट्टे ताणले जातात, मधोमध त्यांची नाके एकमेकांना लागतात आणि दोन्ही टोकांना दोन माणसे आपापल्या मास्कमागे थोडी हसतात. रोज त्याच वेळी पांढऱ्या तोंडाच्या म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन येणाऱ्या, समोरच्या इमारतीत राहणाऱ्या बाईंशी माझे बोलणे याच पट्ट्यांच्या दोन टोकांवरून होत आले आहे. त्यांच्या कुत्रीचे सांधे दुखतात, जिने उतरताना तिला पोटाखालून आधार द्यावा लागतो, तिला विजांची भीती वाटते, हे सगळे मला माहीत होते. त्यांचे आडनाव माहीत नव्हते.

मी कागद दाखवला आणि विचारले. विचारताना आवाज थोडा घसरला. त्यांनी आधी भोलूकडे पाहिले, मग चिंगी किती वर्षांची आहे ते विचारले, तिला गोळी कशी देतात ते विचारले, आणि मग म्हणाल्या की, त्या येतील. त्याच दवाखान्याचा कागद त्यांच्याही घरी आला आहे. त्यांच्या मुलाचे नाव त्यांनी त्यात लिहिले होते, पण तो दुसऱ्या शहरात राहतो, आणि शहरांमधला प्रवास बंद असताना त्या नावाचा काय उपयोग, असे त्या म्हणाल्या. म्हणजे ज्या गोष्टीला मी परक्या देशात राहिल्याची शिक्षा समजत होतो, ती त्यांच्या वाट्यालाही आली आहे आणि त्या तर इथेच जन्मल्या. या विचाराने माझे दुःख कमी व्हायला हवे होते असे नाही. पण ते थोडे हलले, त्याला बसायला दुसरी जागा मिळाली. त्यांच्या कुत्रीसाठी माझे नाव लिहावे असे मी सुचवले. त्यांनी ते लगेच मान्य केले, जणू त्या तेच ऐकण्यासाठी थांबल्या होत्या.

घरी परत येऊन ओळ भरली. ती भरल्यावर मला जर्मनीतल्या बॉनजवळच्या ओबरकासेल येथील थडगे आठवले. १९१४ साली सापडलेल्या आणि सुमारे १४,००० वर्षे जुन्या त्या थडग्यात एक पुरुष, एक स्त्री आणि कुत्र्याचे एक पिल्लू आहे. पिल्लाच्या दातांवरच्या खुणांवरून ते आठवडेच्या आठवडे आजारी होते आणि कोणी शुश्रूषा केल्याशिवाय ते तेवढे जगले नसते, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला आहे. शिकारीला किंवा राखणीला त्याचा काहीही उपयोग नसताना कोणीतरी त्याला पाणी पाजले, साफ केले, ऊब दिली. मागे हे वाचताना मला त्या पिल्लाविषयीच वाटले होते. आज त्या पाजणाऱ्या हातांविषयी जास्त वाटते. तिथे दोन माणसे होती, एक थकले तर दुसरे उठत असेल, असे मानायला मला आवडते. प्राणी पाळणे हे एकट्याचे काम म्हणून सुरू झाले नसावे. मी ते एकट्याने करतो आहे आणि पुढेही करीन, पण त्यासाठी मला कोणाला तरी सोबतीला मागावे लागेल, हे मला आता मान्य आहे. मागण्याची मला सवय नाही. ती लावून घ्यावी लागेल.

दुपारी त्यांच्यासाठी सविस्तर टिपण लिहिले. चिंगीची गोळी कानाला लावायच्या मलमाच्या रूपातही मिळते, तेव्हा ती पकडू देत नसेल तर दवाखान्याकडे ते मागावे. तिला खोलीत शोधू नये, भांडे ठेवून दाराकडे पाठ करून बसावे, ती आपणहून येते. भोलू अनोळखी माणसाबरोबर लिफ्टमध्ये चढत नाही, त्याला जिन्याने न्यावे. लशींची पुस्तके, रक्ततपासणीचे दाखले आणि प्रवासाच्या पेट्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत. चार पाने झाली. फोनवर वाचून दाखवली तेव्हा त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले की, यात तुमच्याविषयी काहीच नाही, तुमचे काही झाले तर मी कोणाला सांगायचे?

मी पाचवे पान घेतले आणि ताईचा क्रमांक देशाच्या संकेतांकासह लिहिला. त्याखाली माझा रक्तगट, मला चालत नसलेले औषध, आणि ताई इंग्रजी हळू बोलते तेव्हा सावकाश बोलावे, अशी सूचना. आईला थेट कळवू नये, ताई सांगेल, हेही लिहिले. ताईला यातले अजून काही ठाऊक नाही. तिकडे आता रात्र झाली आहे, तेव्हा उद्या तिला या बाईंचे नाव आणि त्यांचा क्रमांक देईन.