आवाजाचा रकाना नसलेलं अंदाजपत्रक : अभ्यासिकेच्या डक्ट कूलरचा माझा अनुभव

ग्रामपंचायतीच्या निधीतून कुठे डक्ट कूलर (पत्र्याच्या चौकोनी नळीने, म्हणजे डक्टने, खोलीत गार हवा सोडणारा पाण्याचा कूलर) बसणार असेल, तर अंदाजपत्रक मंजुरीला जाण्याआधी त्यात एक ओळ घालून घ्या : डक्टमधल्या हवेचा वेग किती राहील. सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) लिहिलेला असतो, पत्र्याचा गेज (जाडी) असतो, मोटरचा एचपी असतो, पॅडची जाडीसुद्धा असते. वेग नसतो, आणि आवाज मुख्यतः वेगावरच ठरतो. आमच्याकडेही नव्हता, आणि त्यापायी अख्खा उन्हाळा मी तालुक्याच्या एका कार्यालयाच्या व्हरांड्यात काढला. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून काढते आहे.

आमचं गाव वर्धा नदीच्या काठचं. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो. अभ्यासिकेत पोलीस भरती, तलाठी, एमपीएससीची तयारी करणारी पोरं-पोरी सकाळपासून बसलेली असतात. मी ग्रामपंचायत सदस्य, अभ्यासिकेचं काम माझ्याकडे. ठराव झाला, निधी आला, कंत्राटदार ठरला, कूलर गच्चीवर चढला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. गारवाही मस्त. आपल्याकडची हवा कोरडी असल्यामुळे पाण्याचा कूलर इथे जसा चालतो तसा मुंबईत चालणार नाही.

फक्त वाचता येईना. "ताई, कूलर लावला का वाचलेलं डोक्यात शिरूनच नाई राह्यलं," असं एक पोरगी म्हणाली. तिच्या शेजारणीने कानात घरच्या कापसाचे बोळे घातले होते. एकात सरकी तशीच राहिलेली.

कंत्राटदाराचं उत्तर तयार होतं : "नवीन हाये ताई, बेअरिंग बसलं का होते कमी." पंधरवड्याने त्याने मोटरवर ढकललं. म्हणून एक दिवस ब्लोअर (हवा ढकलणारा पंखा) आणि डक्ट यांच्यामधला कॅनव्हास (कापडी जोड) सोडायला लावला आणि ब्लोअर नुसता चालवला. हॉलमध्ये जेमतेम गुणगुण. कॅनव्हास जोडला की पुन्हा तेच. म्हणजे आवाज यंत्राचा नव्हता, हवेचा होता. ब्लोअरचा आवाज ओळखायची आणखी एक खूण आहे. त्याला एक ठरावीक सूर असतो : मिनिटाचे फेरे भागिले 60, गुणिले पात्यांची संख्या. आमच्या आवाजाला सूरच नव्हता. ग्रीलपाशी, म्हणजे हवा हॉलमध्ये सोडणाऱ्या जाळीपाशी, "सूंऽऽ" आणि वळणापाशी खोल घरघर, एवढंच.

मी बीएस्सीला भौतिकशास्त्र घेतलं होतं, ते इथे कामी आलं. आमचा ब्लोअर 5000 सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला 5000 घनफूट हवा. डक्ट 18 बाय 16 इंच, म्हणजे बरोबर 2 चौरस फूट. भागाकार केला की मिनिटाला 2500 फूट. सेकंदाला 12.7 मीटर, ताशी जवळजवळ 46 किलोमीटर. शांत हॉलच्या मुख्य डक्टमध्ये सेकंदाला 5-6 मीटर आणि ग्रीलपाशी 2-2.5 मीटर एवढाच वेग धरतात.

एवढ्या वेगात हवा सरळ वाहत नाही. 1883 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मँचेस्टरला काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची धार सोडून हे दाखवलं होतं. वेग, नळीची रुंदी आणि द्रवाचा चिकटपणा यांतून जो आकडा निघतो, तो 2300 च्या आसपास गेला की धार मोडायला लागते. आमच्या डक्टचा हाच आकडा तीन लाखांच्या पुढे येतो. म्हणजे आत सगळे भोवरेच. त्यातही आमचा एल्बो, म्हणजे डक्टचं वळण, काटकोनी, आत हवा वळवणाऱ्या पट्ट्या नाहीत. पाट अचानक वळवला की कोपऱ्यात पाणी जसं घुमतं, तशी हवा तिथे घुमत होती. भोवरा पत्र्यावर आपटतो, दाब खालीवर होतो, पत्रा थरथरतो आणि तो थरथराट खाली हॉलमध्ये उतरतो. मोठा भोवरा म्हणजे खालच्या पट्टीची घरघर, बारीक भोवरा म्हणजे वरची सूं. ग्रीलच्या पात्यांचा हिशोब तर कागदावर येतो. स्ट्रोहाल नावाच्या चेक शास्त्रज्ञाने 1878 मध्ये वाऱ्यात गाणाऱ्या तारांवर प्रयोग केले. वेगाला तारेच्या जाडीने भागून 0.2 ने गुणलं की भोवरे सेकंदाला किती वेळा सुटतात ते ढोबळमानाने मिळतं. आमची पाती 2 मिलिमीटर जाड, अर्धवट मिटलेल्या डॅम्परमुळे (हवा कमी-जास्त करायच्या झडपेमुळे) तिथला वेग 10 मीटरच्या घरात : साधारण 1000 हर्ट्झ. माणसाच्या कानाला नीट टोचेल असा.

खरी गोष्ट पुढे आहे. जेम्स लाइटहिल यांनी 1952 मध्ये नुसत्या वाऱ्यातून आवाज कसा निपजतो याचं गणित मांडलं. मोकळ्या झोतात आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते. 1955 मध्ये कर्ल यांनी दाखवलं की वाटेत पत्रा किंवा पातं असलं तर ती सहाव्या घाताने वाढते, आणि डक्टसारख्या कमी वेगाला हाच आवाज वरचढ ठरतो. वेग निम्मा केला की शक्ती 64 व्या हिश्श्यावर येते. डेसिबलमध्ये 18 ची घट. प्रत्यक्षात 15 धरा. नुसत्या अस्तराने एवढं होणं कठीण.

म्हणजे उपाय साधा : डक्ट 24 बाय 24 चा करा. छेद (आतलं क्षेत्रफळ) 2 चा 4 चौरस फूट, हवा तेवढीच, वेग निम्मा. पत्रा दुप्पट लागत नाही, कारण परिघ 68 इंचांवरून 96 इंचांवर जातो, म्हणजे 40 टक्क्यांच्या आसपास वाढ. कंत्राटदार तयार होता. "वाढीव पत्र्याचे पैसे मिळाले पाह्यजे, मले काय," म्हणाला. त्याचं बरोबरच होतं.

आणि इथे गाडी रुतली.

वाढीव पत्रा म्हणजे वाढीव बाब, वाढीव बाब म्हणजे सुधारित अंदाजपत्रक, सुधारित अंदाजपत्रक म्हणजे पुन्हा तांत्रिक मान्यता. आमच्या सचिवांनी प्रस्ताव केला, मी सोबत पत्र जोडलं. टेबलावरच्या बाबूंनी पत्र वरून खाली वाचलं. "ताई, यात आवाज-आवाज काय लिहिलं? आवाज ही बाब मूळ अंदाजपत्रकात आहे काय?" नव्हती. "मग जी बाबच नाही ती सुधारायची कशी?" मी सहाव्या घाताचं सांगायला लागले, तर ते चष्म्यावरून पाहत म्हणाले, "घात-बित इथे नका लिहू."

मग स्थळ पाहणी ठरली. साहेब येणार म्हणून आम्ही सकाळपासून कूलर चालू ठेवला, पोरांना जागेवर बसवून ठेवलं. साहेब आले दुपारी, आणि गाडी वेशीतून आत शिरते तोच लाइन गेली. त्या पंधरवड्यात दुपारचं लोडशेडिंग चालू होतं, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक. साहेबांनी टेप लावून डक्ट मोजला, गेज तपासला, चहा घेतला, घड्याळ पाहिलं आणि निघाले. पाहणी अहवालात ओळ आली : "पाहणीवेळी कोणताही आवाज आढळून आला नाही. काम अंदाजपत्रकाप्रमाणे आहे."

मी गेले. "साहेब, लाइन नव्हती त्या टायमाले. कूलर बंद होता."

"हो न ताई, मला माहीत आहे. पण अहवालात जे आढळलं तेच लिहावं लागते. तुम्ही पुनर्पाहणीचा अर्ज करा."

साहेब स्वभावाने वाईट नव्हते, म्हणूनच जास्त चीड येत होती. भांडायलाही कोणी नाही. पुनर्पाहणीचा अर्ज आवक-जावकमध्ये पडला, तिथून दुसऱ्या टेबलावर गेला, त्या टेबलाचे बाबू प्रशिक्षणाला गेले होते. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसून असायची. त्या व्हरांड्यातही कूलर होता, खिडकीचा, लोखंडी, आणि तो एवढा खडखडत होता की आतून नाव पुकारलेलं कळत नसे. याच कार्यालयाला मी आवाजाबद्दल पटवून देत होते.

शेवटी फाइल हलली ती आक्षेप घेऊन परत आली. आक्षेपाची भाषा मला पाठ झाली आहे : "हवेचा वेग कमी करणे म्हणजे मंजूर क्षमता कमी करणे होय. सबब प्रस्ताव अमान्य." हवेचा वेग आणि हवेचं प्रमाण यात फरक आहे हे मंजुरी देणाऱ्या टेबलाला समजावणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांब व्याख्यान असेल. ऐकून घेतलं सगळ्यांनी. बदललं काहीच नाही.

मधे कोणी सुचवलं, 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम लावा, शांतता क्षेत्रात दिवसा 50 डेसिबलची मर्यादा आहे. तो रस्ता धरू नका. ते नियम बाहेरच्या परिसरातल्या आवाजाचे आहेत. खोलीच्या आत तुमच्याच कूलरने केलेल्या आवाजाला ते लागत नाहीत, आणि बाबूंना हे तोंडपाठ असतं.

तोडगा निघाला तो आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवणाऱ्या एका सरांमुळे. त्यांनी माझं दोन पानी पत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "ताई, कार्यालयाले समजते ते लिहा." डक्टमधला दाबाचा तोटा वेगाच्या वर्गाने वाढतो. अरुंद डक्टमुळे ब्लोअरवर एवढा भार पडतो की 5000 सीएफएम कागदावरच राहतो, हॉलमध्ये पुरता पोचत नाही. हे शंभर टक्के खरं आहे, आणि यात "आवाज" हा शब्दच लागत नाही. सरांनी एका पानावर तक्ता काढला : मंजूर सीएफएम 5000, प्रस्तावित सीएफएम 5000. छेद 2, छेद 4. पत्र्याची जुनी-नवी मोजणी, दरसूचीतला दर, फरकाची रक्कम. "बदलाचे कारण" या रकान्यात एकच ओळ : मंजूर क्षमता प्रत्यक्षात मिळण्यासाठी डक्टचा छेद वाढवणे. वर्षभर ज्या क्षमतेच्या नावाने फाइल अडली असती, त्याच क्षमतेच्या नावाने ती सुटली. बाबूंनी तक्ता पाहिला आणि म्हणाले, "असं आधीच आणायचं न!" मी हसले. आतून काय वाटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

काम स्वतः फार पटकन झालं. मोठा डक्ट, काटकोनाऐवजी गोल वळण आणि आत पट्ट्या, डॅम्पर ग्रीलच्या तोंडावरून काढून पाच-सहा फूट मागे. मोबाइलमधल्या आवाज मोजायच्या ॲपवर आधी 68 डेसिबल यायचे, आता 50-51 येतात. मोबाइलच्या आकड्यावर भांडू नका, पण त्याच जागी, त्याच मोबाइलने आधी-नंतरची तुलना करायला तो पुरतो. एक मात्र आहे : ही ॲपं बहुधा कानाच्या हिशोबाने मोजतात, खालची घरघर कमी धरतात. आकडा बरा आणि डोकं जड, असं झालं तर ॲपपेक्षा डोक्यावर विश्वास ठेवा.

हे आधी सांगायला हवं होतं : आम्ही मध्यंतरी नुसत्या ग्रील बदलून पाहिल्या होत्या, आणि कोणालाच फरक कळला नाही. दोन सारखे आवाज असले आणि त्यातला एक पार बंद केला, तरी डेसिबल फक्त 3 ने उतरतात. त्यामुळे एक दुरुस्ती करून "काही उपयोग नाही" म्हणत थांबू नका. दुसरा आवाज बाकी आहे.

ग्लासवूल आतून लावून देतो असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. कूलरची हवा ओली, ग्लासवूल ओलं राहतं आणि बुरशी धरतं. शिवाय इंचभर अस्तर सूं कमी करतं, घरघर नाही. पत्रा 24 गेजचा असेल आणि सपाट बाजू मोठी असेल तर त्यावर तिरपी घडी मारून घ्या, पत्रा ताठ राहतो. हॉलच्या खिडक्या उघड्या ठेवा. हवेला बाहेर जायला वाट नसली तर ती दाराच्या फटीतून शिट्टी मारत जाते, आणि लोक कूलरला दोष देतात.

आणि डक्ट मोठा केल्यावर मोटरचे अँपिअर त्याच दिवशी मोजा. पुढे वाकलेल्या पात्यांच्या ब्लोअरवर अडथळा कमी झाला की हवा वाढते आणि मोटर जास्त करंट ओढते. आमची मोटर गरम व्हायला लागली होती. मोटरची पुली लहान करून फेरे दहाएक टक्क्यांनी उतरवले. शक्ती फेऱ्यांच्या घनाने बदलते, त्यामुळे मोटरवरचा भार पाव हिश्श्याहून जास्त कमी झाला आणि आवाजही आणखी थोडा उतरला. पुलीसाठी मात्र कोणाची मान्यता घेतली नाही.

जुना 18 बाय 16 चा डक्ट ग्रामपंचायतीच्या मागे पडून आहे. तो भंगारात काढायचा तर निर्लेखनाचा प्रस्ताव लागतो, आणि त्यात "वस्तू निरुपयोगी होण्याचे कारण" असा रकाना आहे. सचिव विचारतात, काय लिहू? मी म्हटलं, सरांना विचारून सांगते.