पुस्तक कोणाकडे आहे, हे सांगायचं नाही

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या इथल्या सार्वजनिक ग्रंथालयात नव्या ऑनलाइन साधनांचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी पहिली योजना मांडली ती वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची. मुंबईत गिरगावच्या वाचनालयात आम्ही तसा ग्रुप चालवत होतो. नव्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो टाकले की पटापट मागणी यायची, आणि दिवाळी अंक आले की दुपारपर्यंत नंबर लागलेले असायचे. इथल्या आमच्या प्रमुख बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ग्रुपमध्ये एका वाचकाला दुसऱ्याचा फोन नंबर दिसतो का? दिसतो म्हटल्यावर विषय तिथेच संपला.

मला ते फार लागलं. पण नॉर्थ कॅरोलायनात तसा कायदाच आहे. कोणी काय नेलं, काय मागितलं, हे ग्रंथालयाने वाचकाच्या संमतीशिवाय किंवा कोर्टाच्या आदेशाशिवाय बाहेर सांगायचं नाही. नवऱ्याने राखून ठेवलेलं पुस्तक कोणतं, हे आम्ही बायकोलाही सांगत नाही. आमच्या संगणकात तर पुस्तक परत आलं की ते कोणी नेलं होतं ही नोंद पुसली जाते. दाखल नोंदवही, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक नोंदवायचं रजिस्टर, जिवापाड जपायला शिकलेल्या माझ्यासारखीला नोंद पुसणं म्हणजे धक्काच होता.

आपल्याकडे कसं असतं? ‘ते सावंतकाकूंकडे आहे, गुरुवारी आणतील, तुमच्यासाठी बाजूला ठेवते.’ यात मला आजही काही गैर वाटत नाही. वाचकाचा वेळ वाचवा, हे भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय, आणि ग्रंथालयांसाठीची त्यांची पंचसूत्री इथेही शिकवतात. आमचा ग्रुप तेच करत होता. इथले कितीतरी वाचक यंत्रावर पुस्तक नोंदवतात आणि एक शब्दही न बोलता निघून जातात. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

मात्र त्याच यंत्रावर एक तरुणी घटस्फोटाच्या कायद्यावरची पुस्तकं नोंदवून घेऊन गेली, आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. देवघेवीच्या टेबलाशी शेजारच्या काकू उभ्या असताना तिने ती पुस्तकं माझ्यासमोर ठेवली असती का? मनाचे आजार, कर्ज, घरातली मारहाण या विषयांवरची गिरगावातली आमची पुस्तकं कपाटातच राहायची. मागणी नाही, असं आम्ही म्हणायचो. मागणी नव्हती, की मागायची सोय नव्हती?

इथली दुसरी एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी. २००६ मध्ये याच राज्यातल्या शार्लट शहराच्या ग्रंथालयात हेलेन ब्लोअर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी ‘२३ थिंग्ज’ हा उपक्रम काढला. ब्लॉग, फ्लिकर (फोटोंची साइट), विकी, लायब्ररीथिंग (आपल्याकडची पुस्तकं नोंदवायची साइट), पॉडकास्ट अशा तेवीस छोट्या गोष्टी ज्याने त्याने स्वतः करून बघायच्या. पुऱ्या करणाऱ्याला एमपी३ प्लेअर! हा उपक्रम इतरांनाही वापरू दिल्यामुळे जगभरच्या ग्रंथालयांनी घेतला. त्यातली बरीच साधनं आता मागे पडली, पण नवं काही आलं की हात लावून बघायची सवय राहिली. आणि इथे ते शिकणं कामाच्या वेळेत धरतात. गिरगावातली आमची माणसं हे सगळं लोकल ट्रेनमध्ये, स्वतःच्या डेटावर शिकली, तेही तुटपुंज्या पगारात. त्यांच्या तोडीची माणसं मला इथे फारशी दिसलेली नाहीत, आणि हे मी इथे उघडपणे सांगते.

गिरगावच्या मंडळींना मी कळवलंय, ग्रुप चालूच ठेवा, शेजारी व्हॉट्सअ‍ॅप चॅनल काढा. तिथे एका वाचकाला दुसऱ्याचा नंबर दिसत नाही. आणि राखून ठेवायची मागणी खाजगीत पाठवायची सोय द्या. कपाटातली ती पुस्तकं आधी चॅनलवर टाका. दादर-परळकडच्या कोणा वाचनालयात असं आधीच करत असतील, तर मला नक्की लिहा.