अंतरपाट दूर झाला आणि चित्र फाटलं

फाईल १९२०×१०८०, सेकंदाला २५ फ्रेम. लग्न २००३ मधलं, मिनीडीव्हीवर, म्हणजे छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेटवर, शूट केलेलं. घरच्यांनी ते बाहेरून ‘एचडी करून’ आणलं होतं. माझ्याकडे फक्त काटछाट आणि टायटलचं काम होतं. मंडळी बसलेली असेपर्यंत सगळं ठीक दिसत होतं. अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या आणि चित्र फाटलं.

फ्रेम थांबवून चौपट मोठी केली. अक्षतेचा प्रत्येक दाणा दोनदा दिसत होता आणि कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा होत्या. त्या रेघा कुठे जाड, कुठे विरलेल्या. तिथेच दुखणं कळलं: इंटरलेस (एकाआड एक ओळी दोन वेगळ्या क्षणी टिपून एकत्र गुंफणं) न सोडवताच चित्र मोठं केलं होतं.

पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या, मिनीडीव्हीची फ्रेम ७२०×५७६ ची असते. तिच्यात २८८ ओळींची दोन फील्ड, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं, असतात, एकमेकांपासून १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेली. ५७६ ओळी ताणून १०८० केल्या की शेजारच्या ओळी, म्हणजे दोन वेगळे क्षण, एकमेकांत कालवले जातात. मग ही गुंफण सोडवणारा कुठलाही डीइंटरलेस फिल्टर लावा, कोणती ओळ कोणत्या फील्डची हे त्याला ओळखता येत नाही. फाईल परत ५७६ वर आणून पाहिली, पण उरलासुरला फरक कॉम्प्रेशनने पुसला होता. मूळ कॅसेटच हवी होती, आणि ती घरच्यांनी जपून ठेवली होती.

पावसाळ्यात कपाटातून आलेली कॅसेट लगेच लावू नये. रात्रभर कोरड्या खोलीत ठेवली, एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवली, मग लावली. तरी एकाआड एक आडव्या पट्ट्या गोठलेल्या दिसल्या, म्हणजे टेप वाचणाऱ्या दोन हेडपैकी एक चोंदलेलं. कोरडी क्लीनिंग कॅसेट दहा सेकंद चालवल्यावर चित्र मोकळं झालं. संगणकावर उतरवलं फायरवायरने, म्हणजे डिजिटल जोडणीच्या केबलने. त्यात टेपवरचा डेटा जसाच्या तसा येतो, तासाला साधारण १३ जीबी. एव्ही केबलने घेतलं की चित्र अॅनालॉग होऊन पुन्हा डिजिटल होतं. धड चालणारा फायरवायर पोर्ट मिळत असताना तसं करू नये.

पुढे क्रमच महत्त्वाचा. डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं, इंटरलेस एचडीत वरचं. हे उलटं सेट झालं तर हलणारा हात एक पाऊल पुढे, एक मागे असा थरथरतो. एकेक फ्रेम पुढे नेत तपासलं की लगेच कळतं. क्यूटीजीएमसी या डीइंटरलेस फिल्टरने प्रत्येक फील्डची पूर्ण फ्रेम केली, सेकंदाला ५०. घाई असेल तर एफएफएमपेग या मोफत व्हिडिओ प्रोग्रॅममधला बीडब्ल्यूडीआयएफ फिल्टरही चांगला, पण तोही फील्डमागे एक फ्रेम असाच चालवावा. २५ वर आणलं की अर्धी हालचाल फेकली जाते, आणि अक्षतांच्या शॉटमध्ये हालचालीखेरीज दुसरं असतं काय?

नंतर हलका डीनॉइज, म्हणजे चित्रातली खरखर कमी केली. मग दोन्ही बाजूंचे ८-८ पिक्सेल कापून ७०४×५७६, आणि ते १४४०×१०८० केलं. डीव्हीचा पिक्सेल चौरस नसतो. न कापता ७२० चे १४४० केले तर माणसं किंचित बारीक होतात. रंगाचं गणितही ६०१ (जुन्या टीव्हीचं मानक) वरून ७०९ (एचडीचं मानक) मध्ये बदलावं लागतं. ते राहिलं की कुंकू शेंदरीकडे झुकतं आणि हिरवा चुडा काळवंडतो. शार्पनिंग जवळजवळ केलंच नाही, कारण कॅमेऱ्यानेच कडांना पांढरी किनार दिलेली असते आणि ती चित्राबरोबर मोठी होते.

चित्र मोठं करणारा एआय अपस्केलर मंगळसूत्राच्या क्लोजअपवर छान चालला. मागच्या रांगेतल्या चेहऱ्यांना मात्र त्याने डोळे-ओठ मनाने काढले. आज हयात नसलेल्या माणसांचे चेहरे बदललेले मला चालत नाहीत, म्हणून ते शॉट साध्या स्केलिंगवरच ठेवले. दोन्ही बाजूंच्या २४० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्याही तशाच राहू दिल्या. पडदा भरायला वरखाली कापलं असतं तर नवरीच्या मुंडावळ्या गेल्या असत्या.