डोळे शेवटी

सध्या माझ्या टेबलावर अंगठ्याच्या पेराएवढा एक ऑर्क उभा आहे. ऑर्क म्हणजे कल्पनाकथांतला रांगडा राक्षस; हा प्लास्टिकचा, फासे टाकून टेबलावर खेळायच्या लढाईतला, आणि रंगवायचा आपणच. उंची 28 मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा देहावर साखळ्या, कवट्या, फाटकं चामडं, कमरेला पिशवी आणि त्या पिशवीला ठिगळ. त्या ठिगळाचे टाकेसुद्धा मोजता येतात. घडवणाऱ्याचा हात थांबला नाही, आता रंगवणाऱ्याने भोगायचं.

आला तेव्हा तो तुकड्या-तुकड्यांत फ्रेमला चिकटलेला होता. कटरने तुकडे सोडवायचे आणि साच्याची बारीक रेघ पात्याने खरवडायची. ही रेघ महालबाड. करड्या प्लास्टिकवर दिसतच नाही. प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर मारून, रंग देऊन वर गडद वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ रंग सोडला, की दंडापासून मनगटापर्यंत शिवणीसारखी उमटते! गोंदाचंही तसंच. तो प्लास्टिकच विरघळवून दोन भाग एकजीव करतो, त्यामुळे बाहुल्याचा चुकून वाकडा लागलेला हात जन्माचा वाकडा. (माझ्या एका भालाईताचा भाला कायम जमिनीकडे असतो. तो मागच्या रांगेत.)

वॉश मात्र मला फार आवडतो. पातळ, मळकट पाणी फासावं आणि गप्प बसावं. ते आपोआप खाचांत उतरतं, सावल्या पडतात आणि सपाट हिरव्या गालाला हाड येतं.

मग डोळे. सगळ्यात बारीक ब्रश घ्यावा, तर त्याच्या टोकावरचा रंग चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत वाळतो. त्यापेक्षा जरा जाडच, पण टोकदार ब्रश बरा. पांढऱ्याच्या मधोमध काळा ठिपका दिला, की ऑर्क दचकलेला दिसतो, लढाईला निघालाय की पाकीट हरवलंय कळत नाही. ठिपक्याऐवजी वरच्या पापणीपासून खालच्या पापणीपर्यंत उभी रेघ ओढली, की नजर बसते. तेही श्वास रोखून, दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवून.

एवढं करून पहिल्याच डावात फासे उलटे पडतात आणि गडी बाद. इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी 1913 साली अशा लुटुपुटीच्या लढायांचे नियम छापले. त्यात खेळण्यातल्या स्प्रिंगच्या तोफेने शिपाई खरोखरच आडवे पाडायचे असत. माझ्या ऑर्कवर कुणी तोफ रोखली, तर मी मध्ये हात घालीन.

डावा डोळा जमलाय. उजवा उद्या, दिवसाच्या उजेडात.