तान्ह्या बाळाच्या शीच्या जागेजवळचं गळू

लंगोट बदलताना गुदद्वाराच्या अगदी कडेला वाटाण्याएवढी लाल, कडक गाठ दिसते आणि पुसायला गेलं की बाळ कळवळतं. अशी बाळं बहुतेक मुलगेच असतात आणि बहुतेकांना वर्षही पूर्ण झालेलं नसतं. घरात लगेच चर्चा सुरू होते, ‘नीट धुतलं नसेल.’ आईला बोल लावण्याचं काही कारण नाही. गुदमार्गात आत बारीक खोबणी असतात. त्यांतली एखादी जन्मतःच जरा जास्त खोल असावी, तिथे जंतू साठून पू होत असावा, असं मानलं जातं.

गाठ लहान असेल, बाळ दूध पीत असेल आणि ताप नसेल, तर बहुतेक वेळा शेकणं पुरतं. टबात बसवल्यावर बाळाची कंबर बुडेल इतकं कोमट पाणी घ्या, ते कोपर बुडवून तपासा, आणि बाळाला धरून दहा मिनिटं बसवा. हे दिवसातून तीन-चार वेळा करा, शी झाल्यावर तर नक्कीच. पाण्यात डेटॉल, मीठ, हळद काही नको. गाठ दाबू नका, तिच्यावर पोटीसही बांधू नका. दाबल्यावर पू बाहेर येण्याऐवजी आत पसरू शकतो. गाठ आपोआप फुटली तर कोमट पाण्याने धुऊन कोरडं करायचं, बस.

काहींचं भोक बुजत नाही. तिथे पुळीसारखं टोक राहतं. ते मधूनच सुजतं, थेंबभर पू येतो, मग पुन्हा शांत होतं. हाच भगंदर, म्हणजे गुदमार्गापासून त्वचेपर्यंत तयार झालेला बारीक मार्ग. पण मोठ्यांचा भगंदर वाकडातिकडा आणि खोल जाऊ शकतो. तान्ह्यांचा मार्ग बहुधा आखूड, सरळ आणि वरवरचा असतो, आणि बऱ्याच बाळांचा वर्ष-दीड वर्षात आपोआप बुजतो. म्हणून बाळ खेळतं-वाढतं असेल तर बालशल्यचिकित्सक बऱ्याचदा थांबायला सांगतात. थांबूनही वारंवार पू येत राहिला, तर भूल देऊन तो मार्ग उघडतात. भिंतींवरच्या ‘भगंदर, हमखास इलाज’वाल्या जाहिराती बाळासाठी नाहीत.

फिशरचं, म्हणजे गुदद्वाराला पडलेल्या चिरेचं, गणित वेगळं. तिथे पू नसतो. कडक शीवर लालभडक रक्ताची रेघ दिसते. वरचं अन्न किंवा डब्याचं दूध सुरू झालं की हे जास्त दिसतं. शी मऊ झाली की चीर भरते. त्यासाठी औषध लागलं तर ते डॉक्टरच ठरवतील. तोवर लंगोट बदलताना प्रत्येक वेळी व्हॅसलिनचा पातळ थर लावा. साबणाची कांडी किंवा एरंडेलात बुडवलेला विड्याच्या पानाचा देठ आत सारणं मात्र बंद करा. त्याने नाजूक त्वचा सोलवटते आणि चीर वाढते. दीड महिन्यापुढचं, फक्त आईच्या दुधावरचं बाळ चार-पाच दिवस शी करत नसेल, पण शी मऊ होत असेल, पोट फुगलेलं नसेल आणि उलट्या नसतील, तर ते बद्धकोष्ठ नव्हे.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर लगेच दवाखान्यात न्या. बाळाचं वय काहीही असो, लाली झपाट्याने पसरत असेल, त्वचा काळसर पडत असेल, बाळ सुस्त असेल किंवा दूध सोडत असेल, तर रात्र जाऊ देऊ नका. दोन वर्षांनंतर पहिल्यांदाच असं गळू आलं, किंवा सोबत वजन वाढत नसेल, तोंडात सारखे छाले येत असतील, जुलाब होत असतील, तर डॉक्टर आतड्याचा दाह आणि प्रतिकारशक्तीचे दोष यांच्या तपासण्याही सांगतील. त्या टाळू नका.