सर्व्हे नंबर १२/३ चा ‘१२-मार्च’ झाला

आजोबा गेल्यावर वारस नोंदीचं काम निघालं आणि जमिनींची यादी करायची माझ्याकडे आली. कोकणातली जमीन म्हणजे तुकडे. भातशेती, वरकस, कातळ मिळून आमचे ५८, आणि प्रत्येकाला सर्व्हे नंबर, तिरकी रेघ, पुढे हिस्सा नंबर. काकांनी सातबाऱ्याचे सगळे उतारे पिशवीत घालून पाठवले. निम्मी यादी चुलतभावाने त्याच्या लॅपटॉपवर भरली, निम्मी मी घरच्या कॉम्प्युटरवर. दोन्ही जोडून एकच स्प्रेडशीट केली, नीट दिसावी म्हणून नंबरांचा रकाना मधोमध लावला आणि प्रिंट काढून काकांना पाठवली.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. “अगं, विहिरीकडचा तुकडा कुठे गेला? इथे बारा मार्च लिहिलंयस.”

फाईल उघडली तर खरंच, १२/३ च्या जागी १२-मार्च. ५/२ च्या जागी ५-फेब्रुवारी. ४५/२ मात्र जसाच्या तसा, कारण पंचेचाळीस तारीख नसते. तारीख म्हणून जे खपले ते २३ नंबर बदलले होते, बाकीचे ३५ शाबूत. सगळेच बदलले असते तर पहिल्या पाच ओळींत लक्षात आलं असतं. खरं तर एक खूण असते. मजकूर रकान्यात डावीकडे बसतो, तारीख उजवीकडे. पण मी रकाना मधोमध लावला आणि ती एकुलती एक खूणही गेली. एवढा मोठा बदल कळायला तेवढ्याच सूक्ष्म खुणेवर अवलंबून राहायचं, हे मला आजही पटत नाही.

वाटलं, रकान्याचा प्रकार ‘मजकूर’ केला की नंबर परत येतील. तसं केलं तर १२-मार्चच्या जागी ४५७२८ आला. स्प्रेडशीट तारीख म्हणजे १९०० सालापासून मोजलेले दिवस म्हणून साठवते, तो हा आकडा. मी टाइप केलेलं १२/३ कुठेच शिल्लक नव्हतं. लेखनाच्या प्रोग्रॅममध्ये आपोआप झालेली दुरुस्ती कंट्रोल-झेडने मागे घेता येते आणि आपण लिहिलेलं राहतं. इथे कंट्रोल-झेड दाबलं की सगळी नोंदच पुसली जाते.

सूत्र लावून तारखेचं पुन्हा १२/३ करता येतं, तेही करून बघितलं. पण भावाच्या लॅपटॉपवर अमेरिकी पद्धत होती, आधी महिना मग दिवस. तिथे ३/१२ टाइप केलं तरी १२-मार्चच दिसतं. म्हणजे त्याच्या ओळीतला १२-मार्च मुळात ३/१२, आणि माझ्या ओळीतला १२/३. जोडलेल्या यादीत कुठली ओळ कोणाची, हे आता सांगता येत नव्हतं. जमिनीच्या कागदात अंदाज चालत नाही. पिशवी पुन्हा काढली आणि २३ उतारे एकेक करून समोर धरले.

या वेळी आधी अख्खा रकाना ‘मजकूर’ केला आणि मगच टाइप केलं. एकदोन नोंदीच असतील तर नंबराच्या आधी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं तरी चालतं. पण मी इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डवर टाइप करते, तिथे त्या कळीवर ‘ट’ येतो आणि तिरक्या रेघेच्या कळीवर ‘य’. म्हणजे दर वेळी कीबोर्ड इंग्रजी करा, चिन्ह टाका, पुन्हा मराठी करा. ज्याला हा उपाय माहीत नाही त्याला तो पडद्यावर कुठेही लिहिलेला सापडत नाही.

वाटणीच्या रकान्यातही तेच झालं होतं. आत्याचा १/४ हिस्सा १-एप्रिल झाला होता. आधी शून्य आणि मोकळी जागा सोडून लिहिलं की तो अपूर्णांक मानला जातो, पण मग २/६ लिहिलं की १/३ दिसतं. किंमत तीच, तरी काकांनी कागदावर २/६ सांगितलं होतं आणि मला तसंच हवं होतं. तो रकानाही ‘मजकूर’ केला.

मग वकिलांच्या ऑफिसने यादीची सीएसव्ही मागितली, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल. पाठवायच्या आधी डबल-क्लिक करून उघडून बघितली, तर पुन्हा १२-मार्च. फाईलमध्ये नंबर बरोबर होते, उघडतानाच बदलत होते. तशीच सेव्ह केली असती तर कायमचे गेले असते. बंद करताना मात्र प्रोग्रॅमने काही सोयी या प्रकारात राहणार नाहीत अशी सूचना दिली. रंग आणि जाड अक्षरं जातील म्हणून विचारतात, जमिनीचा नंबर बदलताना विचारत नाहीत. राग येतो तो याचा. मी काय लिहिलं ते मला माहीत आहे. शंका असेल तर प्रोग्रॅमने विचारावं.

हे फक्त आमच्यापुरतं नाही. २०१६ मध्ये ‘जीनोम बायॉलॉजी’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, जनुकांच्या याद्या स्प्रेडशीटमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळजवळ एक पंचमांशात जनुकांची नावं बिघडलेली आढळली होती. ‘मार्च१’ आणि ‘सेप्ट१’ ही जनुकांची नावं, त्यांच्या तारखा होत होत्या. शेवटी २०२० मध्ये नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलून ‘मार्चएफ१’, ‘सेप्टिन१’ केली. २०२३ मध्ये एक्सेल या स्प्रेडशीट प्रोग्रॅममध्ये हे रूपांतर बंद करायची सोय आली, पण ती अक्षर आणि आकडे सलग लिहिले तरच चालते. आमच्या तिरक्या रेघेला तिचा उपयोग नाही.

शेवटी वकिलांना पीडीएफ दिली. त्याआधी काकांना फोन लावला. मी यादीतली ओळ वाचायची, त्यांनी उतारा बघून ‘बरोबर’ म्हणायचं. ५८ ओळींना चाळीस मिनिटं लागली. विहिरीकडचा १२/३ त्यांनी दोनदा वाचून घेतला.