शंभरातली एक पेशी शोधताना

लंडनला आल्यापासून घरच्या फोनवर एक प्रश्न ठरलेला असतो, "दिवसभर सूक्ष्मदर्शकातून बघतेस तरी काय गं?" आतडी बघते. माशाची, कोंबडीची, उंदराची.

आतड्याच्या अस्तरातल्या बहुतेक पेशी अन्नरस शोषतात. त्यांच्या गर्दीत शंभरात जेमतेम एक पेशी निराळी, संप्रेरक म्हणजे हार्मोन बनवणारी. साध्या रंगात ती हाती लागत नाही. चांदीच्या क्षाराने स्लाइड रंगवली की अशा अनेक पेशींमधले कण काळे पडतात. सुरुवातीला मी रंगाचे डागही पेशी समजून मोजत होते. शेजारच्या सहकाऱ्याने खूण सांगितली, कण कुठे साठलेत ते बघ. खऱ्या पेशीत ते तळाशी असतात, रक्तवाहिन्यांच्या बाजूला. वरचं निमुळतं टोक पोकळीत पोचून आम्ल, चरबी, साखर ओळखतं आणि संप्रेरक सुटतं ते खालून. हे पहिल्यांदा स्वच्छ दिसलं तेव्हा डोळा बाजूला करवेना.

याच शहरात, युनिव्हर्सिटी कॉलेजात, १९०२ साली बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका तुकड्याच्या नसा कापून त्यात आम्ल सोडलं. नसा तुटलेल्या, तरी स्वादुपिंड पाझरलंच. मग त्यांनी आतड्याचं अस्तर खरवडून आम्लात घोटलं, गाळलं आणि शिरेतून टोचलं. पुन्हा पाझर! निरोप रक्तातून जात होता. त्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन म्हटलं. 'हार्मोन' हा शब्द स्टार्लिंगने १९०५ मध्ये वापरला. इथे काम करताना मला ती खरवड फार वेळा आठवते.

माझा लाडका प्राणी कार्प. त्याला जठरच नाही, अन्ननलिकेतून अन्न थेट आतड्यात. तरी या पेशी आहेतच, आणि पुढच्या भागात जास्त दाट. गाईच्या पोटाचे कप्पे चार, पण जठररसाच्या ग्रंथी फक्त चौथ्यात. गॅस्ट्रिन, म्हणजे जठररस पाझरायला लावणारं संप्रेरक, बनवणाऱ्या पेशी शोधायच्या तर तिथेच.

गेल्या आठवड्यात फळमाशीचं आतडं पाहिलं. तिथे चांदीऐवजी चमकणाऱ्या रंगाची प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक द्रव्यालाच चिकटणारी प्रथिनं, वापरतात. टॅकीकायनिन हे संप्रेरक असलेल्या पेशी हिरव्या उजळल्या होत्या; त्याच घराण्यातली द्रव्यं आपल्या आतड्यातही बनतात. माशीला रक्तवाहिन्यांचं जाळं नाही, आतड्याभोवती नुसता द्रव. तरी एक पेशी अगदी ओळखीच्या पवित्र्यात उभी होती, टोक अन्नाकडे, तळ त्या द्रवाकडे.